माफीची बाटली

प्रिय पोकुआ,

मान्सा मावशी परवा ताकोरादीहून आली. धुरावलेल्या माशांची टोपली तिने माझ्या दारात ठेवली आणि बूड टेकायच्या आधीच तुझा निरोप सांगून मोकळी झाली. "पोकुआ म्हणालीय, बोआटेमाला सांग, मनाला लावून घेऊ नकोस. दिवसभर तेच ते वाचून डोळे थकतात, होतं असं माणसाकडून. बाटली पोचली. मी माफ केलं." मासे झकास आहेत, कालच पामतेलाच्या रश्शात घातले. त्याबद्दल तुझे आभार. पण तुझी माफी मला नको, पोकुआ. मावशी सोमवारच्या पहिल्या गाडीने परत निघालीय, तिच्याच हाती ती मी परत पाठवतेय, या पत्राबरोबर. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. आणि बाटलीचं म्हणशील तर मी तुला कुठलीही बाटली पाठवलेली नाही. त्या बाटलीकडे मी येणारच आहे, पण आधी मला भांडू दे.

सार्पोंग बाबांच्या अंत्यविधीचं पोस्टर आमच्या छापखान्यात छापलं गेलं आणि त्यावर त्यांच्या मुलांच्या नावांत तुझं नाव नव्हतं. ते वाचणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटलं, असं तुला सांगण्यात आलं, आणि ती वाचणारी बाई म्हणजे मी. तू ते मानलंस. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत एका बाकावर बसून माझ्या वहीतून गणितं उतरवून घेणारी तू, तुला वाटलं की बोआटेमाच्या हातून नेमकं तुझंच नाव सुटलं? माझ्या हातून मीठ राहतं, छत्री राहते, नवऱ्याला दिलेला शब्द राहतो. नाव राहत नाही.

मी काय काम करते हे तू कधी नीट विचारलंच नाहीस. कोणीच विचारत नाही. "छापखान्यात आहे" म्हटलं की लोकांना वाटतं शाईचे हात असतील. माझे हात स्वच्छ असतात. आसाफोच्या चौकातल्या ओहेमेंग साहेबांच्या त्या दुमजली छापखान्यात, वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी बसून मी मेलेल्या माणसांची पोस्टरं वाचते. सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत, एकामागून एक. कुमासीत माणूस मेला की भिंतीवर लागल्याशिवाय पुरला जात नाही, हे तुला मी सांगायला नको. वर फोटो, खाली नाव, मग घराण्यातले थोरले, मुख्य शोककर्ते, विधवा, मुलं, जावई-सुना, नातवंडं, मग प्रेत दर्शनाला कधी ठेवणार, पुरणार कुठे, रविवारची प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये. शब्द तेच. "अत्यंत दुःखाने, तरीही परमेश्वराचे आभार मानून." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता मला त्यात ना दुःख दिसतं ना परमेश्वर.

माझ्या आधी इथे जे गृहस्थ होते ते भराभर वाचायचे. नवीन पोस्टर जुन्या पोस्टरवरच बेततात, जुनं उघडायचं, नावं बदलायची, फोटो बदलायचा आणि छापायचं. त्यामुळे जुन्याचं काहीतरी नव्यात चिकटून राहतं. एकदा टोमॅटो विकणाऱ्या एका आजीच्या नावाखाली "निवृत्त मुख्याध्यापक" असं तसंच राहिलं होतं. ऐन मांडवात, काळ्या-लाल कपड्यातले लोक पोस्टरकडे बघून तोंडात पदर कोंबून हसले. दुसऱ्या एका घरात दोन भावांचे फोटो उलटसुलट झाले. मेला धाकटा आणि भिंतीवर लागला थोरला. तो थोरला सकाळी पाव आणायला बाहेर पडला, स्वतःला भिंतीवर बघितलं आणि तसाच, हातात पाव घेऊन, आमच्याकडे आला. साहेबांची कॉलर धरून म्हणाला, "मी कधी मेलो ते सांगा, म्हणजे घरी तसं कळवतो." त्यानंतर साहेबांनी मला ठेवलं.

पहिल्या वर्षी मी त्या टेबलावर डोकं टेकून रडलेय, पोकुआ, कंटाळ्याने. नुसत्या कंटाळ्याने माणूस रडू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मग हळूहळू माझी माझी रीत बसली. आधी जाड पुठ्ठ्याने फोटो झाकायचा, कारण चेहरा दिसला की मन त्याच्यामागे जातं आणि डोळे मोकळे सुटतात. मग खालून वर वाचायचं. वरून खाली वाचलं की पुढे काय येणार ते माहीत असतं आणि जे माहीत असतं ते माणूस वाचत नाही, ते आहे असं धरून चालतो. खालून वर आलं की प्रत्येक नाव अनोळखी होऊन समोर येतं. डावं बोट मूळ कागदावर, उजवं बोट छापलेल्यावर, आणि प्रत्येक नाव तोंडाने उच्चारायचं, कोणी वेडी म्हटलं तरी चालेल. दाढेखाली आल्याचा तुकडा. एक पोस्टर झालं की उठायचं, समोरच्या शिंपिणीच्या दुकानात कोणाचं काय शिवणं चाललंय ते बघायचं, मग पुढचं. घाई करणारा माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहिला तर मी मुद्दाम पुन्हा पहिल्यापासून वाचते, आता सगळ्यांना माहीत झालंय, कोणी उभं राहत नाही. कंटाळा अजूनही रोज येतो. शेजारणीसारखा येतो, बसतो. मी त्याला बस म्हणते आणि माझं काम करते.

मध्यंतरी आक्राहून एक टायवाला आला होता आम्हाला एकाग्रता शिकवायला. साहेबांच्या जावयाने आणला होता. म्हणे दर तासाला पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, आपल्या ध्येयाचं चित्र टेबलावर लावा. त्याच्या भाषणात त्याचाच फोन तीनदा वाजला आणि शेवटी शेवटी तर त्याला स्वतःलाच कंटाळा आला, घड्याळाकडे बघत बोलत होता. निघताना प्रमाणपत्रं वाटली. माझ्या हातात दिलं त्यावर अंत्वीचं नाव होतं. अंत्वी म्हणजे आमचा कॉम्प्युटरवर पोस्टर मांडणारा, माझ्या शेजारच्या टेबलावरचा. मी ते प्रमाणपत्र भिंतीला लावून ठेवलंय. काम कंटाळवाणं आहे म्हणून ते कोणीही करू शकतं, असं या लोकांना वाटतं ना, त्याचा मला राग येतो. करून बघावं की त्यांनी आठवडाभर. मंगळवारीच एखाद्या जित्या माणसाला पुरतील.

आणि चुकलं तर काय होतं हे त्यांना माहीत नसेल, आपल्याला तर आहे. पोस्टरवर ज्याचं नाव त्याला मांडवात पुढची खुर्ची. बापाची शवपेटी मुलांनी आणायची, ती मुलं कोण, तर पोस्टरवरची. म्हाताऱ्या बायका भिंतीसमोर उभ्या राहून नावं मोजतात. एक नाव नसलं की तिथल्या तिथे चार गोष्टी तयार होतात, आणि त्या गोष्टी पोस्टर फाटून गेलं तरी राहतात. म्हणून मी डोळ्यात तेल घालून वाचते. देशासाठी नाही की ओहेमेंग साहेबांसाठी नाही.

आता तुझ्या बाबांचं पोस्टर. मूळ कागद माझ्यासमोर आला तेव्हा बाबा गेल्याचं मला कळून आठवडा झाला होता, तरी पुठ्ठा ठेवायच्या आधी मी फोटो बघत बसले. तो तोच फोटो, त्यांच्या सुआमेच्या गॅरेजसमोरचा, टोपी किंचित तिरकी. मला शाळेच्या वसतिगृहातले ते शनिवार आठवले. बाकीच्यांचे बाप गाडीतून उतरायचे, तुझे बाबा तेलकट हातांनी ट्रकच्या केबिनमधून उतरायचे आणि फाटकातूनच ओरडायचे, "माझी माय कुठाय?" आख्खं वसतिगृह हसायचं. तू लाजून माझ्या मागे लपायचीस. आठव्या दिवशी तुला बाहेर आणलं तेव्हा त्यांनी तुझं नाव ठेवलं ते त्यांच्या स्वतःच्या आईचं, म्हणून ते तुला कायम मायच म्हणाले. तुझी आई दुसऱ्या गावची, सार्पोंगांच्या घरातल्या बायकांनी तिला कधी चुलीपाशी बसू दिलं नाही, ते सगळं मला माहीत आहे. पण बाबांनी कधी लपवलं नाही. परक्याचं पोर आडोशाला वाढवावं तसं नाही, तुला त्यांनी मिरवलं. येताना शितोची, त्या काळ्या मिरचीच्या चटणीची, बरणी आणायचे, इतकी तिखट की आपण ती गारीत, कसाव्याच्या त्या कोरड्या रव्यात, कालवून खायचो आणि नाकं पुसायचो. अर्धी बरणी माझी असायची. जाताना माझ्याही डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "माझ्या मायकडे लक्ष ठेव गं, तुझे डोळे चांगले आहेत." खोटं नाही सांगत, हेच म्हणायचे.

त्या फोटोवर मी पुठ्ठा ठेवला आणि खालून वर वाचायला लागले. नातवंडं, जावई, सुना, मग मुलं. मुलांमध्ये सगळ्यात खाली तुझं नाव होतं, सगळ्यात धाकटी म्हणून, आणि मी खालून येत असल्यामुळे ते मला सगळ्यात आधी भेटलं. मूळ कागदावर होतं, छापलेल्यावर होतं. दोन्ही बोटं मी तिथेच ठेवली. मी कधी थांबत नाही, पण तिथे थांबले. एरवी मी नावांचा अर्थ लावत नाही, नाव म्हणजे नुसती अक्षरं, त्यांच्यामागे माणूस उभं केलं की गेलंच लक्ष. त्या एका नावापाशी मी माणूस उभं केलं. म्हटलं, दिसतेस गं, मायबाई, बाबांच्या पायाशी बसलीयस. मग पुढे गेले, वरपर्यंत. मग पुन्हा एकदा सगळं वाचलं, आणि कोपऱ्यात माझी लाल खूण केली. हे मला जसंच्या तसं आठवतंय आणि कोणी मला बायबलवर हात ठेवायला सांगितलं तरी मी ठेवीन.

शनिवारी काळं नेसून मी मांडवाकडे निघाले तर चौकातल्या भिंतीवर पोस्टर. वाचायची सवय, काय करणार, मी तिथेही खालून वर वाचलं. नातवंडं, जावई, सुना, मुलं. आणि पहिलं नाव तुझं नव्हतं. मला वाटलं उन्हाने. पुढच्या भिंतीवर वाचलं, तिथेही नाही. मांडवात आले तर तू पाहुण्यांच्या खुर्च्यांत, शाळेच्या मैत्रिणींमध्ये, मुठीत रुमाल कोंबलेला. तुझी भावंडं पेटी घेऊन आली तेव्हा तू उठलीस आणि कोणीतरी तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला खाली बसवलं, "पोस्टरवर नाव नाही पोरी, आता भर मांडवात वाद नको." तू बसलीस. तू बसलीस ते मी बघितलं आणि मला वाटलं, हे मी केलं. माझ्या डोळ्यांनी केलं. मी तुझ्यासमोर यायला धजले नाही. तुला वाटलं असेल शरमेने, आणि तेव्हा ते खरंच होतं.

ज्यांनी हे केलं त्यांना मी याबद्दल कधी सोडणार नाही, पोकुआ. त्यांनी मला माझ्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावला. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी दिवे मारले, भिंगं लावली आणि म्हणाले, "बाई, तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत, तुम्ही आलात कशाला?" मी तिथून थेट छापखान्यात गेले आणि अंत्वीला विचारलं, माझी खूण झाल्यावर त्या पोस्टरला कोणी हात लावला? मान खाली, नजर पडद्यावर, "आंटी, मला दोन पोरं आहेत," एवढंच म्हणाला. साहेबांना विचारलं तर ते पंख्याकडे बघत, झालं ते झालं अशा थाटात म्हणाले, "बघू, मी मिटवतो." तुला किती फोन केले. तू उचलला नाहीस, मला वाटलं राग आहे, असूच दे, मी तरी काय सांगणार होते, मलाच धड माहीत नव्हतं. संशय होता, आणि नुसत्या संशयावर मी कोणाचं नाव घेत नाही. तेही माझ्या कामातच शिकले.

परवा मावशीच्या तोंडून बाटलीचं ऐकलं तेव्हा मासे तसेच टाकून मी छापखान्यात गेले. ओहेमेंग साहेब खुशीत होते. म्हणाले, "बसा बोआटेमाबाई. मिटलं की सगळं! पोरगी समजूतदार निघाली. श्नॅप्स दारूची बाटली घेतली तिने, आता विषय संपला." मी विचारलं, बाटली दिली कोणाच्या नावाने? "तुमच्या," ते म्हणाले, जसं काही माझ्या वाढदिवसाला दिली होती. "छापखान्याच्या नावाने दिली असती तर उद्या गिऱ्हाईक म्हणेल, इथे चुका होतात. तुमचं नाव कोणाला ठाऊक आहे?" हे मला म्हणाले. माझ्या तोंडावर. अगदी बरोबर आहे, माझं नाव कोणाला ठाऊक नाही. मी हजारो नावं शाबूत ठेवली, माझं कुठेच छापलेलं नाही. चुकत नाही, एवढीच माझी कमाई होती, आणि ती त्यांनी एका बाटलीबरोबर देऊन टाकली.

मी म्हटलं, पण चूक झालीच नव्हती ना साहेब? तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि अगदी मायेने मला समजावलं. "हे बघा, गिऱ्हाईक तुमची खूण झाल्यावर आलं. म्हणालं, हे एक नाव काढा. काढलं. पोस्टर ज्याचं, बाप त्याचा. कोणाची मुलं किती हे ठरवणारे आपण कोण? आता मुद्दाम काढलं म्हटलं तर त्यांच्या घरात आग लागेल. चुकून राहिलं म्हटलं तर कोणाचं काही बिघडत नाही. तुम्हाला काय, दोन दिवस वाईट वाटेल." गिऱ्हाईक कोण तेही त्यांनी सांगितलं. मीही तुला सांगणार आहे, पण ते शेवटी.

पोकुआ, तू ताकोरादीला समुद्रावर राहून आपल्या रीती विसरली नसशील. माफीची बाटली घेतली म्हणजे तोंड बंद. घेणाऱ्याने तो विषय पुन्हा घराण्यापुढे काढायचा नाही, काढला तर तोच खोटा. आणि ती परत करायचा हक्क फक्त घेणाऱ्याला. मी कितीही छाती बडवून सांगितलं की बाटली माझी नाही, तरी क्वार्तेंग आजोबा, घराण्यातले थोरले, म्हणतील, "जिला दिली ती गप्प आहे, तू कोण?" ज्याने हे केलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं. माझ्या नावाची माफी तुझ्या घशात उतरवून त्याने तुझा आवाज बंद केला.

अजून एक ऐक. साहेबांशी बोलून मी टेबलापाशी आले तर तिथे नवीन कागद ठेवलेला. सार्पोंग बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचं पोस्टर. येत्या शनिवारी घराणं क्वार्तेंग आजोबांच्या अंगणात बसणार, बाबांच्या जागी कोण ते ठरणार, मुलं पुढे येऊन आभार मानणार. आणि मूळ कागद म्हणून त्याला जोडलं होतं काय, तर अंत्यविधीचं ते पोस्टर. आमची रीतच ती, जुन्यावरून नवं. मुलांच्या नावांत तू नाहीस, मुळातच नाहीस, म्हणजे माझ्या नियमाने ते पोस्टर बिनचूक आहे. दोन्ही बोटं ठेवून वाचलं तरी एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी खूण केली असती तर तू दुसऱ्यांदा गेली असतीस आणि या वेळी खरोखर माझ्या हाताने. मग वर्षाचं पोस्टर येईल, ते यावरून. मग बाबांच्या मुलांची मुलं त्यांच्या पोरांना तेच दाखवतील, आणि सार्पोंगांच्या घरात त्यांच्या आईच्या नावाची मुलगी कधी नव्हतीच असं होईल.

मी तो कागद खूण न करता साहेबांच्या पुढ्यात ठेवला. ते म्हणाले, "सोमवारी खूण करा, नाहीतर सोमवारी येऊ नका." मी माझा पुठ्ठा आणि आल्याची डबी पिशवीत टाकली. अंत्वी उठून उभा राहिला. सोमवारी मी जाणार नाही. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, त्याला वाटतंय मी चर्चच्या हिशोबाचं काहीतरी लिहीत बसलेय.

आता ते शेवटचं. दोन दिवस मी विचार केला की तुला सांगावं की नाही, कारण माझी चूक होती हे तुझ्यासाठी किती सोयीचं आहे ते मला कळतं. छापखान्यातली एक बाई दमली, नाव राहिलं, वाईट वाटलं, संपलं. तुझ्या ओंजळीत सगळं तसंच राहतं. पण मी ते वाचलं होतं, पोकुआ, बोट ठेवून वाचलं होतं, आणि मला ते आता न वाचल्यासारखं करता येत नाही. तुझ्या घरी ती बाटली घेऊन कोण आलं होतं? मावशी सांगत होती, डँक्वा दादा स्वतः आला, एवढ्या लांब, तुझ्या हातचं जेवला, तुला जवळ घेऊन रडला, त्या छापखान्यातल्या बाईने आपल्या बाबांच्या कामात असं करावं म्हणून. तोच डँक्वा, ज्याने तुझी शाळेची पेटी डोक्यावरून वाहिली, ज्याला तू सावत्र कधी म्हटलं नाहीस आणि कोणाला म्हणू दिलं नाहीस. माझी खूण झाल्यावर अंत्वीच्या खुर्चीशेजारी येऊन तोच बसला होता. बोट पडद्यावर ठेवून त्यानेच सांगितलं, हे काढ. तुझं नाव चुकून राहिलेलं नाही, बाई, काढलेलं आहे. म्हणून हे पत्र. बाटली फोडली नसशील तर फोडू नकोस, आणि फोडली असशील तर रिकामी घेऊन ये. शनिवारी सकाळी क्वार्तेंग आजोबांच्या अंगणात ती सगळ्यांसमोर जमिनीवर ठेव आणि म्हण, ही माझी नाही. तेवढं एक वाक्य तू बोल, पुढचं सगळं मी बोलते, माझा आवाज तुला माहीत आहे. मी फाटकापाशी उभी असेन, आणि त्या फाटकातून आत येताना तुला कोणी हाक मारली नाही तर मी मारीन, बाबा मारायचे तशी.

तुझीच, आणि डोळे अजून धड असलेली,
बोआटेमा